औषधांविना तग धरणारी एचआयव्हीबाधित मुले

आईकडून एचआयव्हीची लागण झालेली, कोणताही उपचार न मिळालेली, तरीही पाच वर्षांपुढे आजारी न पडलेली आणि वयाला साजेशी सीडी-फोर पेशींची (एचआयव्ही ज्यांना लक्ष्य करतो त्या प्रतिकारपेशींची) संख्या टिकवून असलेली काही मुले असतात. जन्मतः बाधित मुलांत त्यांचे प्रमाण ५ ते १० टक्के मानले जाते. बाकीच्यांचे चित्र भीषण आहे. आफ्रिकेतील पाहण्यांनुसार उपचार न मिळालेल्या बाधित बाळांपैकी निम्म्याहून अधिक दोन वर्षांची होण्याआधीच दगावली.

या मुलांच्या शरीराने विषाणूला काबूत ठेवले असणार, असे कुणालाही वाटेल. तसे घडलेले नसते. प्रौढांत औषधांविना विषाणू दाबून ठेवणारे लोक एक टक्क्याहून कमी असतात. बाधित पेशी मारणाऱ्या त्यांच्या सीडी-एट पेशी आक्रमक असतात आणि एचएलए-बी ५७ किंवा बी २७ ही जनुकरूपे त्यांच्यात वारंवार आढळतात. मुलांचे गणित उलटे आहे. त्यांच्या रक्तात विषाणू मुबलक असतो, एका मिलिलिटरमध्ये हजारो प्रती, पण शरीर त्यावर पेटून उठत नाही.

ऑक्सफर्ड विद्यापीठाचे फिलिप गोल्डर आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतील अशा १७० मुलांचा अभ्यास करून २०१६ मध्ये हे दाखवून दिले. एचआयव्हीत प्रतिकारयंत्रणा ढासळते ती केवळ विषाणूने पेशी मारल्यामुळे नव्हे. सततच्या उत्तेजनामुळे यंत्रणा स्वतःच झिजते. या मुलांत ते उत्तेजन अत्यल्प होते. शिवाय दीर्घायुषी स्मृतिपेशींवर सीसीआर-५ हा ग्राही कमी होता, आणि विषाणू पेशीत शिरतो तो याच ग्राहीला धरून. त्यामुळे लागण मुख्यतः अल्पायुषी पेशींना होते. मुद्दल शाबूत राहते, खर्च व्याजातून भागतो. आफ्रिकेतील सूटी मँगबे माकडांतही हाच प्रकार दिसतो. एचआयव्हीचा भाऊबंद असलेला एसआयव्ही विषाणू अंगात बाळगून ती आयुष्य काढतात, तर तोच विषाणू आशियातील ऱ्हिसस माकडांत शिरला की त्यांना एड्स होतो. मँगबेंना हे साधले ते विषाणूसोबतच्या दीर्घ उत्क्रांतीतून. मानवी मुलांपैकी काहींना ते एका पिढीत कसे जमते, हा या विषयातला सर्वांत रंजक प्रश्न. बाल्यावस्थेतील प्रतिकारयंत्रणा मुळातच सहिष्णू असते, हे त्याचे एक संभाव्य उत्तर.

महाराष्ट्रात हा विषय पनवेलसारख्या गावातून पाहिला तर त्याची दुसरी बाजू दिसते. मुंबईहून पुण्याकडे आणि गोव्याकडे जाणारे रस्ते इथे फुटतात, शेजारी कळंबोलीचा लोखंड-पोलाद बाजार आणि ट्रक टर्मिनल, पलीकडे १९८९ मध्ये सुरू झालेले न्हावा-शेवा बंदर. ट्रकचालकांत एचआयव्ही प्रतिबंधाचे काम अशा थांब्यांभोवती उभे राहिले. लागण मात्र थांब्यावर थांबत नाही; नवऱ्याकडून बायकोला आणि तिच्याकडून बाळाला होते. गरोदरपणातील चाचणी सर्वत्र पोहोचण्याआधी मुलाची लागण अनेकदा बाप आजारी पडल्यावर किंवा गेल्यावरच उघडकीस येई. मूल तोवर आठ-दहा वर्षांचे झालेले आणि धडधाकट. अशी मुले पाहून प्रमाणाचा अंदाज बांधणे फसवे असते, कारण लवकर गेलेल्या बाळांची नोंद एचआयव्ही म्हणून झालेलीच नसे.

पनवेलच्या कुटुंबाला बालरोगातील विशेष उपचारांसाठी मुंबई जवळची : परळचे बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय किंवा शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय. भारतात एआरटी या विषाणूविरोधी उपचाराच्या मोफत गोळ्या १ एप्रिल २००४ पासून मिळू लागल्या. मुलांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६ च्या अखेरीस आला.

दिल्लीच्या एम्समध्ये कल्पना लूथ्रा यांच्या गटाने अशाच बाधित मुलांच्या रक्तात एचआयव्हीच्या नाना प्रकारांना निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे शोधली. त्यांपैकी एक, एम्स-पी०१, भारतात सर्वाधिक आढळणाऱ्या ‘सी’ उपप्रकाराची लागण झालेल्या मुलाकडून मिळाले. विषाणू वर्षानुवर्षे भरपूर राहिल्याने प्रतिकारयंत्रणेला त्याची अनेक रूपे पाहायला मिळतात, हे अशा प्रतिपिंडांमागचे एक कारण मानले जाते. लस शोधणाऱ्यांचे या मुलांकडे लक्ष आहे ते यासाठी.

औषधांविना तग धरणाऱ्या या मुलांशी गल्लत होऊ नये असा मुलांचा दुसरा गट २०२४ मध्ये प्रसिद्धीस आला. क्वाझुलू-नाताळमध्ये गर्भातच लागण झालेल्या आणि जन्मल्याबरोबर औषधे सुरू केलेल्या २८४ बाळांपैकी ५ मुलांच्या रक्तात, गोळ्या नियमित न घेताही, विषाणू सापडेना. पाचही मुलगे होते.

मूल धडधाकट दिसते म्हणून औषध लांबवणे मात्र आता कोणत्याही नियमात बसत नाही. दक्षिण आफ्रिकेतील २००८ च्या चाचणीत बाळांना लगेच औषधे दिल्याने मृत्यू ७६ टक्क्यांनी घटले. २०१७ पासून भारतातही सीडी-फोर कितीही असोत, निदान होताच गोळ्या सुरू करतात. त्यामुळे औषधांविना राहिलेल्या मुलांचे नवे गट अभ्यासाला मिळणे जवळपास संपले असून, पुढचे संशोधन मोठ्या प्रमाणात साठवलेल्या जुन्या रक्तनमुन्यांवर अवलंबून आहे.