अध्यक्षांचा दात आणि खोटा ठरवलेला पत्रकार

आपल्याकडे पुढारी दवाखान्यात गेला की बातमी ठरलेली असते: 'थकवा जाणवल्याने डॉक्टरांनी विश्रांतीचा सल्ला दिला आहे.' वीसेक वर्षं बातमीदारी करतोय. हे वाक्य मी स्वतः किती वेळा छापलंय याचा हिशेब नाही. म्हणून आज एक जुनी गोष्ट सांगतो. अमेरिकेतली आहे, पण शेवटी आपल्याच चौकात येते. वाचा.

साल १८९३. ग्रोव्हर क्लीव्हलँड दुसऱ्यांदा राष्ट्राध्यक्ष झाले आणि देशावर मोठी मंदी कोसळली. बँका बुडत होत्या, लोकांच्या नोकऱ्या जात होत्या. चलनाला आधार फक्त सोन्याचा असावा की चांदीचाही, यावरून देश दुभंगलेला. अध्यक्ष सोन्याच्या बाजूचे, तर उपाध्यक्ष स्टीव्हन्सन चांदीवाल्यांचे.

नेमक्या त्याच वेळी, जूनमध्ये, अध्यक्षांच्या टाळूवर डाव्या बाजूला एक खरबरीत चट्टा दिसला. सिगारचा शौक जुना. डॉक्टरांनी त्याचा तुकडा रुग्णाचं नाव न सांगता तपासायला पाठवला. निष्कर्ष: कर्करोगाचा दाट संशय.

ही बातमी फुटली असती तर बाजार आणखी कोसळला असता. म्हणून अध्यक्ष 'सुट्टीवर' निघाले, एका मित्राच्या 'ओनिडा' नावाच्या बोटीवर. १ जुलैला न्यूयॉर्कजवळच्या पाण्यात, चालत्या बोटीवर, खुर्चीत बसवून शस्त्रक्रिया झाली. डॉ. जोसेफ ब्रायंट मुख्य सर्जन, सोबत फिलाडेल्फियाचे डॉ. विल्यम कीन, आणि दात काढायला व भूल द्यायला हॅसब्रूक नावाचे दंतवैद्य. तेव्हा एक्स-रेचा शोध लागायचा होता, अँटिबायोटिक तर फार पुढची गोष्ट. तरीही वरच्या जबड्याचा डावीकडचा मोठा भाग तोंडातूनच काढला. चेहऱ्यावर एक चीर नाही, मिशी जशीच्या तशी! १७ जुलैला उरलेला संशयास्पद भाग काढायला पुन्हा बोटीवर नेलं. टाळूला पडलेलं भगदाड बुजवायला कडक रबराचा साचा बनवला. तो लावला की बोलणं पूर्वीसारखं, काढला की शब्द कळत नसे.

पेपरवाल्यांना काय सांगितलं? दात दुखत होता आणि संधिवात आहे.

२९ ऑगस्टला 'फिलाडेल्फिया प्रेस'मध्ये ई. जे. एडवर्ड्स या पत्रकाराने सगळं छापलं. माहिती त्या दंतवैद्याकडून आलेली, आणि बरीचशी बरोबर. पण अध्यक्षांच्या माणसांनी साफ इन्कार केला, इतर पेपरांनी एडवर्ड्सलाच खोटारडा ठरवलं. अध्यक्ष तर धडधाकट दिसतात, भाषणं करतात, मग कसला कर्करोग? लोकांनी विश्वास ठेवला तो सरकारवर.

क्लीव्हलँड १९०८ मध्ये वारले, हृदयाच्या आजाराने. गाठ परत आली नव्हती. शेवटी १९१७ मध्ये म्हाताऱ्या डॉ. कीन यांनी स्वतः लेख लिहून सगळं कबूल केलं. एडवर्ड्स खरा ठरला, पण चोवीस वर्षांनी. आमच्या धंद्यात चोवीस वर्षं म्हणजे आख्खी कारकीर्द हो.

ती गाठ फिलाडेल्फियाच्या म्यूटर म्युझियममध्ये बरणीत जपून ठेवली होती. पुढे १९८० च्या सुमारास ती तपासली तेव्हा निदान झालं: व्हेरुकस कार्सिनोमा. तोंडाच्या कर्करोगातला हा त्यामानाने दुर्मीळ प्रकार. चामखिळीसारखा, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा वाढतो, हळूहळू पसरतो, मानेच्या गाठींपर्यंत सहसा जात नाही. वेळेवर पूर्ण काढला तर माणूस वर्षानुवर्षं जगतो. क्लीव्हलँड पंधरा वर्षं जगले, त्याचं हे मोठं कारण.

आता आपल्याकडे या. या आजाराचा तंबाखू चघळण्याशी जवळचा संबंध आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. पुडी कुठे मिळते ते मात्र शाळेतल्या पोरालाही माहीत. मळलेली तंबाखू आणि मशेरी तर घराघरात. गालात पांढरा चट्टा आला की आपण म्हणतो, 'तोंड आलंय, उष्णता झालीय.' मग तूप लावायचं, जिरं चावायचं, आणि सहा महिने जातात.

अध्यक्षांनी आजार जनतेपासून लपवला. ते बरोबर की चूक, यावर कमेंटमध्ये भांडू. पण डॉक्टरांपासून लपवला नाही. जूनमध्ये दाखवलं, १ जुलैला शस्त्रक्रिया. आपलं उलटं आहे. कट्ट्यावरच्या सगळ्यांना माहीत असतं, फक्त डॉक्टरला माहीत नसतं.

दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, चट्टा, तोंड कमी उघडणं, मानेत गाठ, यातलं काहीही असेल तर कान-नाक-घशाच्या किंवा दातांच्या डॉक्टरला दाखवा. सरकारी दवाखान्यातही बघतात. आज रात्री आरशासमोर एकदा तोंड उघडून बघा, आणि घरातल्या तंबाखू खाणाऱ्यालाही बघायला लावा.