वरीचं कार्ड कुठल्या गठ्ठ्यात?

समजा, बेंगळुरूजवळच्या आनेकल तालुक्यातल्या चंदापूरच्या एका किराणा दुकानदाराला मोबाइलवर दुकान थाटायचंय. त्याने चाळीस जिनसांची नावं चाळीस कार्डांवर लिहिली, ती गिऱ्हाइकापुढे ठेवली आणि म्हणाला, "तुमच्या मते जे एकत्र असायला हवं, ते एकत्र ठेवा." कार्ड सॉर्टिंग म्हणतात ते हेच. जिगणीच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून सोलापूरहून आलेल्या घरातली बाई वरीचं कार्ड उचलते आणि क्षणाचाही विचार न करता साबुदाणा, राजगिरा, शेंगदाण्यांशेजारी ठेवते. उपवासाचं. तिची आनेकलची शेजारीण त्याच वरीला सामे म्हणते आणि तिला नाचणी-राळ्याच्या पंगतीत बसवते. सिरिधान्य, म्हणजे भरडधान्य. नाचणीवर तर दोघींचं आणखीच बिनसतं. एकीच्या लेखी ती बाळाच्या सत्त्वाची आणि पापडांची, दुसरीच्या घरी रागीचे मुद्दे ही रोजची भाकरी. (कार्डावरचं नाव कुठल्या भाषेत लिहायचं, हा स्वतंत्र तंटा आहे.) दोघीही बरोबर. मग दुकानदाराने आणखी किती जणांना विचारावं?

कार्ड सॉर्टिंगच्या वाटेला जाणारा प्रत्येक जण हा प्रश्न विचारतो आणि त्याच्या हातात बहुधा एक आकडा ठेवला जातो, पंधरा. त्या आकड्याची जन्मकथा ऐकण्याजोगी आहे. 2004 साली टॉम टुलिस आणि लॅरी वुड यांनी फिडेलिटी इन्व्हेस्टमेंट्स या अमेरिकी कंपनीच्या अंतर्गत संकेतस्थळासाठी 46 कार्डं 168 जणांकडून लावून घेतली. मग त्या 168 मधून पाच, पंधरा, तीस असे छोटे गट पुनःपुन्हा चिठ्ठ्या टाकल्यासारखे उचलले आणि प्रत्येक गटाचा निकाल पूर्ण समूहाच्या निकालाशी किती जुळतो ते मोजलं. पाच जणांचा सहसंबंध 0.75 भरला, पंधरांचा 0.90, तिसांचा 0.95. पुढे साठ जण घेतले तरी 0.98. दोघांनी वीस ते तीस माणसं सुचवली. त्याच वर्षी संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी हेच निकाल पाहून पंधरांवर थांबायला सांगितलं, कारण त्यापुढे खर्च वाढतो त्या मानाने पदरात थोडंच पडतं.

पण हेच नील्सन तयार संकेतस्थळाची चाचणी घ्यायला पाच माणसं पुरेत म्हणत आलेले. मग इथे तिप्पट का? घराच्या उंबरठ्याला ठेच लागते का, हे कळायला दोनचार पाहुणे आत-बाहेर करून गेले की पुरे. उंबरठा आधीच बसवलेला असतो. कार्ड सॉर्टिंगमध्ये घरच बांधलेलं नसतं. लोकांच्या डोक्यात फडताळं कशी लावलेली आहेत ते शोधायचं असतं, आणि डोकी सारखी नसतात.

गणितही तेच सांगतं. 40 कार्डांच्या 780 जोड्या होतात, आणि प्रत्येक जोडी किती जणांनी एकत्र ठेवली हे आपण मोजतो. पाचच माणसं असली तर उत्तर 20 टक्क्यांच्या उड्या मारतं. मतं निम्मी-निम्मी फुटलेली जोडी घेतली तर पंधरा जणांत प्रमाण चूक सुमारे 13 टक्के-बिंदू येते, साठ जणांत साडेसहाच्या आसपास. म्हणजे चूक निम्मी करायला माणसं चौपट.

माझं भांडण पंधराशी नाही, तो पाठ करण्याशी आहे. ते 168 जण एकाच कंपनीच्या छताखालचे होते. होसूरच्या वेशीवर वसलेल्या, कन्नड, तमिळ, तेलुगू आणि आता मराठी, हिंदीही ऐकू येणाऱ्या या तालुक्यात ‘पंधरा गिऱ्हाइकं’ म्हणजे नेमकी कुणाची? आठ सोलापूरकर आणि सात आनेकलकर घेऊन सरासरी काढली, तर जे फडताळ निघेल ते कुठल्याच स्वयंपाकघरात सापडणार नाही. गट वेगळे असतील तर प्रत्येकी पंधरा लागतात. आणि मोजणी संपल्यावर उत्तरं एकत्र नव्हे, आधी वेगवेगळी वाचायची.

बेंगळुरूकरांनी हा प्रश्न परका समजू नये. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी 1931 साली स्थापलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेने बंगालच्या तागाचं पीक मोजताना आधी लहान चाचपणी आणि मग मोठी पाहणी, असा क्रम लावून दिला. त्याच संस्थेच्या अंगणात, बेंगळुरूत, 1962 साली ग्रंथवर्गीकरणासाठी ओळखले जाणारे एस. आर. रंगनाथन यांनी प्रलेखनाच्या संशोधनाचं आणि प्रशिक्षणाचं केंद्र उभं केलं. एकाचा प्रश्न किती ठिकाणी मोजायचं, दुसऱ्याचा कुठे ठेवायचं. फरक इतकाच की रंगनाथन फडताळ स्वतः आखत, आपण ते वाचकाला आखायला लावतो.

तेव्हा आकडा आधी ठरवा, पण त्यावर शपथ घेऊ नका. आलेली माणसं दोन निम्म्यांत वाटा आणि दोन्हींकडून तेच गठ्ठे निघतात का पाहा. निघाले तर थांबा. नाही निघाले तर आणखी बोलवा. आणि साठ माणसं झाल्यावरही वरी अर्धी इकडे, अर्धी तिकडेच राहिली, तर आणखी माणसं बोलावून काही होणार नाही. तिथे मोजमाप चुकलेलं नसतं. चंदापूरच्या दुकानदाराने तेवढ्यात वरीची पिशवी दोन्ही फळ्यांवर ठेवलेली असेल.