वेष्टन बदलण्याची विद्या : गेम कन्सोल आणि हाय डेफिनिशन फाइली

मायक्रोसॉफ्टचा पहिला एक्सबॉक्स २००१ मध्ये बाजारात आला तेव्हा त्यात ७३३ मेगाहर्ट्झचा इंटेल प्रोसेसर आणि ६४ मेगाबाइट मेमरी एवढीच सामग्री होती. तरीही हौशी प्रोग्रामरांनी त्याची सुरक्षाव्यवस्था भेदून त्यावर चालणारा एक मीडिया प्लेयर लिहिला. हा प्लेयर आधी एक्सबीएमसी या नावाने ओळखला गेला आणि २०१४ पासून तो कोडी म्हणून ओळखला जातो. त्या काळात प्रचलित असलेली जवळजवळ कोणतीही फाइल तो उघडत असे. मात्र हाय डेफिनिशन चित्रपट अखंड दाखवण्याइतके बळ त्या यंत्रात नव्हते. पुढच्या पिढीत ही स्थिती नेमकी उलटी झाली. नोव्हेंबर २००५ मध्ये आलेला एक्सबॉक्स ३६० आणि त्यानंतर वर्षभराने आलेला सोनीचा प्लेस्टेशन ३ या दोन्ही यंत्रांत १०८० ओळींचे चित्र उलगडण्याचे सामर्थ्य होते, पण संगणकावर साठवलेली बरीचशी हाय डेफिनिशन सामग्री ती स्वीकारीतच नसत. या दोन पिढ्यांतील अंतरातून व्हिडिओ रूपांतराची एक घरगुती विद्या जन्माला आली आणि साधारण दहा वर्षे ती टिकून राहिली.

या विद्येचे स्वरूप समजण्यासाठी व्हिडिओ फाइलचे दोन स्तर वेगळे ओळखावे लागतात. चित्र आणि ध्वनी आकुंचित करण्याच्या गणिती पद्धतीला कोडेक म्हणतात, तर आकुंचित चित्र, ध्वनी आणि उपशीर्षके एकत्र बांधणाऱ्या रचनेला कंटेनर, म्हणजेच वेष्टन, असे म्हणता येईल. मे २००३ मध्ये दूरसंचार आणि प्रमाणीकरण क्षेत्रांतील आंतरराष्ट्रीय संस्थांनी संयुक्तपणे प्रमाणित केलेला एच.२६४ हा कोडेक दोन-तीन वर्षांतच हाय डेफिनिशनचा मुख्य आधार ठरला. ब्लू-रे तबकडीने त्याचा स्वीकार केला आणि २००५ च्या क्विकटाइम ७ पासून ॲपलने चित्रपटांच्या झलका याच पद्धतीने देण्यास सुरुवात केली. वेष्टनाच्या बाबतीत असे एकमत झाले नाही. चित्रपटांच्या प्रती इंटरनेटवरून अनौपचारिकपणे, आणि बहुतांशी स्वामित्वहक्क डावलून, देणारे-घेणारे लोक मात्रोस्का, म्हणजे एमकेव्ही, हे २००२ च्या अखेरीस सुरू झालेले मुक्त वेष्टन वापरीत, कारण त्यात अनेक भाषांचे ध्वनी आणि उपशीर्षके एकत्र ठेवता येत. कन्सोलच्या उत्पादकांना मात्र एमपी४, प्रसारणासाठी घडवलेले ट्रान्सपोर्ट स्ट्रीम आणि आपापल्या घरचे प्रकार एवढेच ओळखीचे होते.

त्यामुळे ‘रूपांतर’ या शब्दाने वरकरणी जेवढ्या मोठ्या कामाचा बोध होतो तेवढे काम अनेकदा नसे. एमकेव्हीतील एच.२६४ चित्र प्लेस्टेशनला जसेच्या तसे चालत असे. ते बाहेर काढून दुसऱ्या वेष्टनात भरणे, ज्याला रिमक्सिंग म्हणतात, हे काही मिनिटांत आटोपत असे आणि त्यात चित्राच्या गुणवत्तेला धक्का लागत नसे. रशियातील स्मार्टलॅब्सचे टीएसमक्सर हे साधन यासाठी विशेष वापरले गेले, कारण ते चित्राला ब्लू-रेच्या धर्तीचे वेष्टन देई. याउलट ट्रान्सकोडिंग, म्हणजे चित्र पूर्ण उलगडून पुन्हा आकुंचित करणे, ही तेव्हाच्या घरगुती संगणकावर रात्रभर चालणारी प्रक्रिया होती आणि प्रत्येक खेपेस चित्रातील काही तपशील कायमचा जाई. एखाद्या फाइलला यांपैकी कोणता उपचार हवा याचे निदान करता येणे हेच या विद्येतील खरे कौशल्य होते. उरलेले काम संगणक करीत असे.

या निदानात सर्वांत फसवी ठरणारी बाब ‘लेव्हल’ ही होती. एच.२६४ च्या प्रमाणात उलगडणाऱ्या यंत्रावर किती भार पडेल हे सांगणारे स्तर ठरवलेले आहेत, आणि कन्सोलांची मर्यादा ब्लू-रेप्रमाणेच ४.१ या स्तरापर्यंत होती. या स्तरावर १९२० बाय १०८० आकाराच्या चित्रासाठी जास्तीत जास्त ४ आणि १२८० बाय ७२० साठी ९ संदर्भचौकटी, म्हणजे पुढील चौकट रचताना स्मृतीत धरून ठेवलेल्या आधीच्या चौकटी, चालतात. बारा-सोळा संदर्भचौकटी वापरून आकुंचित केलेली १०८० ओळींची फाइल पुन्हा ट्रान्सकोड करण्यावाचून गत्यंतर नसे. परंतु काही फाइली प्रत्यक्षात ४.१ च्या मर्यादेत असूनही त्यांच्या शीर्षभागात ५.१ असा स्तर नोंदलेला असे आणि केवळ तेवढ्यावरून कन्सोल त्या नाकारीत असे. अशा वेळी शीर्षभागातील ५१ हा अंक बदलून ४१ केला की काम भागत असे. काही गिगाबाइटांच्या फाइलमधील एक बाइट बदलून चित्रपट सुरू होणे, ही गोष्ट अडथळ्याचे स्वरूप कोणत्याही सिद्धान्तापेक्षा अधिक स्पष्ट करते.

ध्वनीचे गणित वेगळे होते. एक्सबॉक्स ३६० ला मे २००७ च्या अद्यतनाने एच.२६४ चे दालन उघडले खरे, पण एमपी४ वेष्टनातील ध्वनी दोन वाहिन्यांच्या एएसी प्रकारातच असावा अशी अट घातली, त्यामुळे सहा वाहिन्यांचा मूळ ध्वनी दोनांत उतरवावा लागे. प्लेस्टेशन ३ डॉल्बी डिजिटल स्वीकारीत असे. डीटीएस हा प्रकार ते यंत्र ब्लू-रे तबकडीवरून निमूटपणे वाजवीत असले तरी साध्या फाइलमधील डीटीएस ध्वनी बहुधा डॉल्बीत रूपांतरित करूनच द्यावा लागे. उपशीर्षके हवी असल्यास ती अनेकदा चित्रातच कोरावी लागत, आणि त्यासाठी पुन्हा पूर्ण ट्रान्सकोडिंग आलेच. जपानी ॲनिमेशनच्या चाहत्यांना याचा जाच सर्वांत जास्त झाला, त्यातही २०११ च्या सुमारास त्यांच्यात १० बिट रंगखोलीच्या फाइलींचा प्रघात पडला तेव्हा ही दोन्ही यंत्रे त्यापुढे पूर्णच निरुपयोगी ठरली.

साठवणुकीची अडचण याहून साधी, पण अधिक चिवट होती. प्लेस्टेशन ३ बाहेरील डिस्क केवळ फॅट३२ या जुन्या मांडणीत वाचत असे, आणि त्या मांडणीत एका फाइलचा आकार ४ गिगाबाइटच्या पुढे जाऊ शकत नाही. दोन तासांच्या चित्रपटाला चित्र आणि ध्वनी मिळून सेकंदाला सुमारे ४.७ मेगाबिटांपेक्षा अधिक दर दिला की ही मर्यादा ओलांडली जाते. फाइलचे तुकडे पाडणे हा एक उपाय होता. दुसरा उपाय अधिक चतुर होता : सोनी आणि पॅनासॉनिक यांनी २००६ मध्ये कॅमेऱ्यांसाठी जाहीर केलेल्या एव्हीसीएचडी रचनेप्रमाणे फोल्डर मांडायचे, म्हणजे यंत्र ते तुकडे घरच्या चित्रीकरणाचे समजून सलग दाखवी. एक्सबॉक्स ३६० वापरणाऱ्यांना वेगळी पळवाट सापडली; ते यंत्र ॲपलची एचएफएस प्लस ही मांडणीही वाचत असल्यामुळे, मायक्रोसॉफ्टच्या यंत्रावर मोठी फाइल पाहण्यासाठी डिस्क मॅकच्या पद्धतीने फॉरमॅट करण्याची प्रथा रूढ झाली.

मे २००७ मध्येच प्लेस्टेशन ३ ला डीएलएनए, म्हणजे घरातील संगणकावरून जाळ्यामार्फत सामग्री मागवण्याची व्यवस्था मिळाली, आणि डिसेंबर २००७ मध्ये दोन्ही कन्सोलांनी डिव्हएक्स या कोडेकचा स्वीकार केला. यानंतर रूपांतर पाहण्याच्या आधी करण्याऐवजी पाहता पाहता करण्याकडे कल वाढला. जावा भाषेत लिहिलेला पीएस३ मीडिया सर्व्हर हा या टप्प्याचा प्रातिनिधिक नमुना होय : तो एमएन्कोडर, एफएफएमपेग आणि टीएसमक्सर या तयार साधनांना हाताशी धरून, कन्सोलला आपण काही वेगळे पाहत आहोत याचा पत्ता लागू न देता, हव्या त्या रूपात प्रवाह पुरवीत असे. हँडब्रेकसारख्या साधनानेही कन्सोलनिहाय ठरावीक मांडण्या आयत्या देऊ केल्या, त्यामुळे लेव्हल आणि संदर्भचौकटी यांची नावेही न ऐकलेल्या माणसाला ही कामे करता येऊ लागली.

एमकेव्ही वापरण्यास परवानाशुल्क लागत नसतानाही उत्पादकांनी ते इतकी वर्षे का टाळले, याचे एकच उत्तर देणे घाईचे होईल. नोव्हेंबर २००६ पासून मायक्रोसॉफ्ट स्वतःच कन्सोलवर हाय डेफिनिशन चित्रपट भाड्याने देत होती, आणि सोनी तर चित्रपटनिर्मिती करणारी आणि ब्लू-रेची पुरस्कर्ती कंपनी होती. अनधिकृत प्रतींचे आवडते वेष्टन आपल्या यंत्रात सुखाने उघडावे असे वाटण्याचे त्यांना काही कारण नव्हते. तांत्रिक चाचणीचा खर्च हेही कारण असू शकते, पण तेच कन्सोल त्याच कोडेकचे चित्र अन्य वेष्टनांत दाखवीत असल्यामुळे ते पुरेसे पटत नाही.

नोव्हेंबर २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ आले ते मागील यंत्रातील साठवलेल्या फाइली दाखवण्याच्या आणि डीएलएनएच्या सोयी गाळूनच. एक्सबॉक्स वनने २०१४ मध्ये एमकेव्ही स्वीकारले, आणि जून २०१५ मध्ये सोनीने प्लेस्टेशन ४ साठी वेगळे मीडिया प्लेयर ॲप दिले, ज्यात एमकेव्हीला मान्यता होती, मोठ्या फाइली चालणारी एक्सफॅट मांडणी वाचता येत होती आणि एच.२६४ ची मर्यादा ४.२ स्तरापर्यंत वाढवली होती. मान्य ध्वनिप्रकारांच्या यादीत मात्र डीटीएस नव्हते, त्यामुळे चित्राला हात न लावता केवळ ध्वनी डॉल्बीत बदलण्याचे काम त्यानंतरही शिल्लक राहिले.