छत्रपती संभाजीनगर महानगरपालिकेची सर्वसाधारण सभा

छत्रपती संभाजीनगर महानगरपालिकेची सर्वसाधारण सभा हे महाराष्ट्रातील छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहराच्या महानगरपालिकेचे सर्वोच्च निर्णयकारी सभागृह आहे. शहरातून निवडून आलेले नगरसेवक व स्वीकृत सदस्य मिळून ही सभा बनते. महापौर तिचे पीठासीन अधिकारी असतात. धोरण ठरवणे, अंदाजपत्रक मंजूर करणे व करांचे दर निश्चित करणे ही सभेची कामे होत. तथापि शहरातील नागरिकांना ती प्रामुख्याने ठाऊक आहे ती नगरसेवक प्रशासनाला जाब विचारतात ती जागा म्हणून. पाणीपुरवठा, कचरा, रस्ते, ड्रेनेज व पथदिवे हे या सभेतील नेहमीचे विषय राहिले आहेत.

पार्श्वभूमी

निजाम राजवटीत, १९३६ मध्ये, औरंगाबादला नगरपालिका स्थापन झाली. ८ डिसेंबर १९८२ रोजी तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. परंतु पहिली सार्वत्रिक निवडणूक १९८८ मध्ये झाली. त्यामुळे महानगरपालिकेची पहिली पाच वर्षे लोकनियुक्त सभागृहाविना, प्रशासकाच्या कारभाराखाली गेली. पहिल्या सभागृहात ६० सदस्य होते. त्यांत २७ जागांसह शिवसेना सर्वांत मोठा पक्ष ठरली, मात्र पहिले महापौर होण्याचा मान काँग्रेसचे डॉ. शांताराम काळे यांना मिळाला. शहर वाढत गेले तशी सदस्यसंख्याही वाढली. २०१० मध्ये ९९ व २०१५ मध्ये ११३ वॉर्डांत निवडणूक झाली.

जून १९९५ मध्ये सर्वसाधारण सभेने शहराचे नाव संभाजीनगर करण्याचा ठराव मंजूर केला. राज्य शासनाने त्यानुसार अधिसूचना काढल्यावर सभागृहातीलच एक नगरसेवक मुश्ताक अहमद यांनी तिला न्यायालयात आव्हान दिले. २००१ मध्ये राज्य शासनाने ती अधिसूचना मागे घेतली. नामांतर प्रत्यक्षात आले ते २०२३ मध्ये. सभागृहात बहुमताअभावी जे साधत नाही ते न्यायालयात विचारायचे, ही या शहरातील पद्धत या प्रकरणापासून ठळकपणे दिसते.

प्रश्न कोणाला विचारला जातो

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ (पूर्वीचा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम) हा या सभेचा कायदेशीर आधार आहे. मुंबईसाठी १८८८ मध्ये केलेल्या कायद्याची चौकट त्याने पुढे चालवली. या चौकटीत कार्यकारी अधिकार महापौरांकडे नसून राज्य शासनाने नेमलेल्या आयुक्तांकडे असतात. महापौर सभेचे अध्यक्षस्थान भूषवतात, शहराचे प्रथम नागरिक म्हणून मिरवतात. पण जलवाहिनी दुरुस्त करण्याचा आदेश देणारा, अभियंत्याला निलंबित करणारा किंवा देयक अदा करणारा अधिकारी आयुक्तच असतो. १९९८ मध्ये मुंबई व नागपूर येथे महापौर परिषदेची पद्धत आणून निवडून आलेल्या नेत्यांकडे कार्यकारी अधिकार देण्याचा प्रयोग झाला, तो वर्षभरातच गुंडाळण्यात आला. औरंगाबादेत तो कधी आलाच नाही.

ब्रिटनमधील अनेक स्थानिक परिषदांत नगरसेवकांचे प्रश्न परिषदेच्या निवडून आलेल्या नेत्याला असतात व तो आपल्या धोरणाचा बचाव करतो. येथे मात्र प्रश्न विचारणारे सगळे निवडून आलेले आणि उत्तर देणारे सगळे नेमलेले, असे चित्र असते. परिणामी सत्ताधारी पक्षाचे नगरसेवकही विरोधकांच्या बरोबरीने तक्रारी मांडतात, आणि अनेकदा महापौर स्वतःच प्रशासनाला धारेवर धरतात. वृत्तपत्र वाचणाऱ्याला प्रश्न पडावा की सत्ता नेमकी कोणाची आहे. हा गोंधळ कायद्यातच आहे, आणि तो राजकीयदृष्ट्या सर्वांच्या सोयीचाही आहे: नगरसेवकाला मतदारांपुढे अधिकाऱ्याकडे बोट दाखवता येते, अधिकाऱ्याला निधी नसल्याचे सांगता येते, आणि दोघांनाही राज्य शासनाकडे पाहता येते.

कामकाजाची रीत

कायद्यानुसार दरमहा किमान एक साधारण सभा घ्यावी लागते. सभेची विषयपत्रिका नगरसचिव काढतात. नगरसेवकाला प्रशासनासंबंधी लेखी प्रश्न पूर्वसूचना देऊन विचारता येतो. न्यायप्रविष्ट बाबींवरील किंवा बदनामीकारक प्रश्न नाकारले जाऊ शकतात. याखेरीज प्रस्ताव मांडून विषय चर्चेला आणता येतो.

प्रत्यक्षात लेखी प्रश्नापेक्षा तोंडी विचारणेच अधिक चालते. सभा सुरू होताच, मागील इतिवृत्त कायम करण्याच्या विषयावरच नगरसेवक उभे राहतात, कारण मागील सभेत दिलेल्या आदेशाचे काय झाले हे विचारण्याची ती हक्काची जागा असते. 'माझ्या वॉर्डात आठ दिवसांपासून पाणी नाही' या वाक्याने सुरू होणारी चर्चा एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात फिरत जाते आणि विषयपत्रिकेवरील पहिला विषय दुपारनंतर निघतो. उत्तर बहुधा आयुक्त स्वतः देत नाहीत. शहर अभियंता, पाणीपुरवठ्याचे कार्यकारी अभियंता किंवा संबंधित उपायुक्त खुलासा करतात. त्यानंतर महापौर निर्देश देतात. सभागृहाच्या बोलीत याला 'रूलिंग' म्हणतात. ते इतिवृत्तात नोंदले जाते. मात्र ते अमलात आणायचे की नाही हे शेवटी प्रशासनाच्या व तिजोरीच्या हाती असते.

उत्तराने समाधान न झाल्यास सभात्याग, महापौरांच्या आसनासमोर ठिय्या आणि राजदंड पळवणे हे प्रकार घडतात. राजदंड जागेवर नसताना सभा चालवायची नाही हा संकेत असल्याने, तो उचलून नेणे हा अल्पसंख्य गटाकडे उरलेला कामकाज थांबवण्याचा मार्ग ठरतो. उत्तरादाखल महापौर सभा तहकूब करतात किंवा सदस्याला त्या दिवसापुरते निलंबित करतात.

'ऐनवेळचे विषय' ही या सभागृहाची एक वादग्रस्त प्रथा आहे. विषयपत्रिकेवर नसलेला प्रस्ताव सभेच्या अखेरीस, गोंगाटातच, चर्चेविना संमत झाल्याच्या तक्रारी वारंवार झाल्या आहेत. ज्या सभेत पाण्यावर तीन तास प्रश्न विचारले जातात, त्याच सभेत मोठा आर्थिक विषय प्रश्नाविना पुढे सरकू शकतो. नगरसेवकांच्या प्रश्नाधिकाराचे मूल्यमापन करताना ही दुसरी बाजू सहसा दुर्लक्षित राहते.

समांतर जलवाहिनीचा प्रश्न

शहराला पैठण येथील जायकवाडी धरणाच्या नाथसागर जलाशयातून पाणी मिळते. जुन्या ७०० व १,४०० मिलिमीटर व्यासाच्या जलवाहिन्या वाढत्या लोकसंख्येला अपुऱ्या पडू लागल्यावर 'समांतर जलवाहिनी' योजना पुढे आली. खासगी सहभागातून राबवायच्या ७९२ कोटी रुपयांच्या या योजनेसाठी २०११ मध्ये करार झाला, आणि १ सप्टेंबर २०१४ रोजी शहराचा पाणीपुरवठा औरंगाबाद सिटी वॉटर युटिलिटी या कंपनीकडे सोपवण्यात आला.

यामुळे सभागृहातील प्रश्नोत्तरांचे स्वरूप बदलले. आतापर्यंत नगरसेवक आपल्या वॉर्डातील अभियंत्याला जाब विचारू शकत होते. आता अभियंता कंपनीकडे बोट दाखवू लागला आणि कंपनी सभागृहाला उत्तरदायी नव्हती, केवळ कराराला होती. जलवाहिनीचे काम रखडलेले, नळांना मीटर बसवण्यास आणि दरवाढीस विरोध वाढलेला, अशा स्थितीत हा विषय सभेत वारंवार येत राहिला. ३० जून २०१६ रोजी सर्वसाधारण सभेने करार रद्द करण्याचा निर्णय घेतला. त्या वेळी शिवसेनेचे त्र्यंबक तुपे महापौर व ओमप्रकाश बकोरिया आयुक्त होते. ऑक्टोबर २०१६ पासून पाणीपुरवठा पुन्हा महानगरपालिकेकडे आला. प्रश्नांची परिणती ठोस निर्णयात झाल्याचे या सभागृहाच्या इतिहासातील हे सर्वांत मोठे उदाहरण आहे. त्याची किंमतही मोठी होती: कंपनीशी कायदेशीर वाद सुरू झाला, नवी जलवाहिनी आणखी काही वर्षे लांबली आणि नळाला चार-चार, काही भागांत आठ-आठ दिवसांनी पाणी येण्याची स्थिती कायम राहिली.

ऑक्टोबर २०१७ मध्ये पाण्याच्याच प्रश्नावरून सभागृहात खुर्च्या फेकल्या गेल्या. पुढे राज्य शासनाने १,६८० कोटी रुपयांची स्वतंत्र योजना मंजूर केली. तिचे भूमिपूजन १२ डिसेंबर २०२० रोजी तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या हस्ते झाले. नंतर तिचा खर्च २,७४० कोटींवर गेला.

कचराकोंडी

फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगाव येथील ग्रामस्थांनी तेथील कचरा डेपोवर गाड्या जाऊ देण्यास नकार दिला. अनेक वर्षे साठलेल्या कचऱ्याच्या त्रासाविरुद्धचे हे आंदोलन होते. शहरातील कचरा रस्त्यांवर साचू लागला. पर्यायी जागा शोधताना ७ मार्च रोजी मिटमिटा येथे पोलीस व ग्रामस्थ यांच्यात संघर्ष झाला. सर्वसाधारण सभेत या काळात प्रशासनावर सातत्याने टीका झाली. परंतु नगरसेवकांचीही अडचण झाली, कारण प्रक्रिया केंद्र आपल्या वॉर्डात नको ही भूमिका जवळपास सर्वांची होती. कचरा का उचलला जात नाही, हा प्रश्न विचारणे सोपे होते. तो कोठे न्यायचा, याचे उत्तर सभागृहापाशीही नव्हते. पोलीस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर पाठवण्याची घोषणा विधिमंडळात झाली, महापालिका आयुक्तांची बदली राज्य शासनाने केली, आणि डेपोसंबंधीचे निर्देश मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने दिले. पुढे चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल व कांचनवाडी येथे प्रक्रिया केंद्रांचे काम हाती घेण्यात आले.

गदारोळ आणि निलंबन

२०१५ च्या निवडणुकीत शिवसेना, एमआयएम व भाजप हे तीन मोठे पक्ष सभागृहात आले. नागरी प्रश्नांबरोबरच अस्मितेचे विषयही त्यामुळे वारंवार चर्चेत आले. ऑगस्ट २०१७ मध्ये 'वंदे मातरम्'वरून गोंधळ झाला. १७ ऑगस्ट २०१८ रोजी माजी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या श्रद्धांजलीच्या ठरावास विरोध करणाऱ्या एमआयएमच्या नगरसेवकाला भाजपच्या नगरसेवकांनी सभागृहात मारहाण केली. या घटनेची देशभर चर्चा झाली. जून २०१९ मध्ये नवनिर्वाचित खासदार इम्तियाज जलील यांच्या अभिनंदनाच्या प्रस्तावावरून एमआयएमच्या नगरसेवकांचे निलंबन झाले. अशा दिवशी ज्या वॉर्डांचे प्रतिनिधी बाहेर काढले जातात, त्या वॉर्डांच्या पाण्याचे व ड्रेनेजचे प्रश्न त्या सभेपुरते विचारलेच जात नाहीत.

अधिकाराच्या मर्यादा

आयुक्तांवर अविश्वास दाखवून त्यांना परत बोलावण्याची मागणी करण्याचा अधिकार सभेला आहे. त्यासाठी एकूण सदस्यांच्या पाच-अष्टमांश मतांची गरज असते. या शस्त्राची धार किती, हे नवी मुंबईच्या उदाहरणावरून कळते. ऑक्टोबर २०१६ मध्ये तेथे आयुक्त तुकाराम मुंढे यांच्याविरुद्धचा ठराव १०४ विरुद्ध ६ मतांनी मंजूर झाला, तरी ते मार्च २०१७ पर्यंत पदावर राहिले. अधिनियमाच्या कलम ४५१ नुसार सभेचा कोणताही ठराव निलंबित वा विखंडित करण्याचा अधिकार राज्य शासनास आहे. उलट दिशेने, कलम ६७ (३) (क) अन्वये आयुक्तांना तातडीच्या प्रसंगी सभेच्या पूर्वमंजुरीविना कामे करता येतात.

सभागृहाविना कारभार

एप्रिल २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपली. कोविडच्या साथीमुळे निवडणूक पुढे ढकलली गेली, त्यानंतर इतर मागासवर्गीय आरक्षण व प्रभागरचनेचे वाद सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित राहिले. राज्यघटनेने नागरी संस्थांची मुदत पाच वर्षे ठरवून दिलेली असताना, शहराने त्याहून अधिक काळ प्रशासकाच्या कारभारात काढला. आस्तिककुमार पाण्डेय, डॉ. अभिजित चौधरी व जी. श्रीकांत यांनी या काळात प्रशासक म्हणून काम पाहिले. आयुक्त, स्थायी समिती व सर्वसाधारण सभा या तिघांचे अधिकार एकाच व्यक्तीकडे आले. ठराव मांडणारा, तो मंजूर करणारा आणि अमलात आणणारा एकच झाला.

प्रश्न विचारण्याच्या जागा या काळात सभागृहाबाहेर सरकल्या. नव्या पाणीपुरवठा योजनेच्या विलंबाचा हिशेब औरंगाबाद खंडपीठाने जनहित याचिकेत घेतला. २३ मे २०२२ रोजी भाजपने देवेंद्र फडणवीस यांच्या नेतृत्वाखाली 'जल आक्रोश मोर्चा' काढला. त्याच महिन्यात ४,०५० रुपयांची वार्षिक पाणीपट्टी निम्मी करण्याची घोषणा झाली. कराचा दर ठरवणे हा एरवी सभागृहाचा विषय. तो येथे मंत्र्यांच्या पातळीवर निकाली निघाला. माजी नगरसेवक नागरिकांच्या तक्रारी घेऊन प्रभाग कार्यालयात जात राहिले, परंतु अधिकाऱ्यांवर त्यांना उत्तर देण्याचे बंधन नव्हते.

६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका घेण्याचा आदेश दिला. त्यानंतर १५ जानेवारी २०२६ रोजी महानगरपालिकेच्या ११५ जागांसाठी मतदान झाले. भाजप सर्वांत मोठा पक्ष ठरला व एमआयएम दुसऱ्या स्थानी राहिला. २०१५ मध्ये एका वॉर्डातून एक नगरसेवक निवडून आला होता. या वेळी बहुतेक प्रभागांतून प्रत्येकी चार सदस्य निवडून आले. एका गल्लीच्या पाण्याबद्दल सभागृहात चौघांपैकी कोणी उभे राहायचे, याची कोणतीही तरतूद अधिनियमात नाही.