दिनविशेष : ८ डिसेंबर
आयुक्तांनी रोखलेला सौदा

२०११ : अमेरिकेतील ‘एनबीए’ बास्केटबॉल लीगच्या न्यू ऑर्लिन्स हॉर्नेट्स संघाने आपला हुकमी खेळाडू ख्रिस पॉल लॉस एंजेलिस लेकर्सला देण्याचा सौदा ठरवला. सौद्यात ह्युस्टन रॉकेट्स हा तिसरा संघ होता. बदल्यात हॉर्नेट्सला लॅमार ओडम, केविन मार्टिन, लुइस स्कोला आणि गोरान ड्रागिच मिळणार होते. काही तासांतच लीगचे आयुक्त डेव्हिड स्टर्न यांनी तो फेटाळला.

हॉर्नेट्सची मालकी तेव्हा खुद्द लीगकडे होती. आणि लीग ही संघमालकांचीच; म्हणजे लेकर्सचे प्रतिस्पर्धीच पॉलचे मालक! क्लीव्हलँड संघाचे मालक डॅन गिल्बर्ट यांनी त्याच दिवशी ई-मेल पाठवून स्टर्न यांच्याकडे सौद्याला विरोध नोंदवला होता. निर्णय संघाच्या मालकाच्या नात्याने घेतला, असे स्टर्न सांगत राहिले. पण नियामकच मालक झाला, तर हॉर्नेट्सचे सरव्यवस्थापक डेल डेम्प्स यांच्यासारख्यांनी दाद मागायची कुणाकडे? हितसंबंधांच्या संघर्षाची चर्चा निघाली की हे उदाहरण म्हणूनच आजही पुढे येते.

आठवड्याच्या आत पॉल लॉस एंजेलिसलाच गेला, पण तिथल्याच क्लिपर्स संघाकडे. ६६पैकी ४५ सामने हरलेल्या हॉर्नेट्सला नवोदित खेळाडू निवडण्याच्या २०१२च्या सोडतीत पहिली निवड लाभली आणि अँथनी डेव्हिस मिळाला. पण तेवढ्यावरून स्टर्न यांचा हस्तक्षेप योग्य ठरत नाही. लेकर्सने पुढचे विजेतेपद २०२०मध्ये जिंकले, तेही न्यू ऑर्लिन्सकडून आणलेल्या डेव्हिसच्या साथीने.