नकाशात न दिसणारी चाळ

चार्ल्स बूथ नावाच्या गृहस्थाने १८८९ पासून लंडनचे नकाशे छापले. तिथल्या लोकांच्या गरिबी-श्रीमंतीप्रमाणे एकेका रस्त्याला रंग दिला. सर्वांत खालच्यांना काळा. (रंगवणारा वरचा, हेही ध्यानात असू द्या!) तेच नकाशे आता संगणकावर आजच्या लंडनशी ताडून बघता येतात.

आपल्या डिलाईल रोडचंही तसं करता येईल. जुना नकाशा संगणकात घ्यायचा, न हललेले नाके आणि रेल्वेचे रूळ उपग्रहाच्या चित्राशी जुळवायचे, की जुना नव्यावर बसतो.

पण बसल्यावर दिसेल काय? १९२० साली स्थापन झालेल्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, शिवडी आणि इथं मिळून २०७ चाळी बांधल्या. त्यातल्या ३२ इथल्या. चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. नकाशावर सगळ्या सारख्या चौकटी. कोणत्या चाळीत कोण, हे कुठंय? १९७४ च्या जानेवारीत वरळीला दंगल पेटली. बौद्धांच्या चाळी कुठल्या नि सवर्णांच्या कुठल्या, हे ठाऊक नसेल तर ती दंगल कळायचीच नाही. गिरणीतही तीच गत. धोट्यातला धागा तोंडानं ओढायचा, म्हणून विणकाम खात्यात अस्पृश्यांना मज्जाव. बाबासाहेबांनी हा प्रश्न १९२८ च्या संपात लावून धरला.

आता चाळी पाडून टॉवर उठताहेत. तेव्हा बंधूंनो, म्हाताऱ्यांकडून चाळ, गाव, जात, गिरणी, खातं एवढं उतरवून घ्या. पोरं ते नकाशावर चढवतील. माणसांची नावं मात्र नकोत. चाळीपुरतंच नोंदवा.