चार नावांचे एक प्रथिन

गर्भाची निम्मी गुणसूत्रे वडिलांकडून आलेली असतात. म्हणजे आईच्या शरीराच्या दृष्टीने गर्भ निम्मा परकाच. दुसऱ्याच्या त्वचेचा तुकडा आपल्या अंगावर बसवला, तर तो थोड्याच आठवड्यांत गळून पडतो. मग हा परका नऊ महिने सुखरूप कसा राहतो?

हा प्रश्न १९५३ साली ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी नेमकेपणाने मांडला. त्यांनी तीन शक्यता सुचवल्या. आई आणि गर्भ यांच्यात अभेद्य भिंत असावी. गर्भाच्या पेशींवर परकेपणाच्या खुणा अजून उमटलेल्या नसाव्यात. किंवा गरोदरपणी आईची प्रतिकारशक्तीच सुस्तावत असावी.

तिन्ही उत्तरे पुढे अपुरी ठरली. गर्भाच्या पेशी आईच्या रक्तात सापडल्या. गर्भपेशींवर वडिलांकडच्या खुणाही आढळल्या. आणि आईची प्रतिकारशक्ती सुस्त म्हणावी, तर गरोदर स्त्रीला दिलेली धनुर्वाताची लस लागू पडते. तिच्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे वारेतून बाळापर्यंत पोहोचतात.

पेण तालुक्यात धरमतर खाडीच्या काठी ज्यांनी खारबंदिस्ती पाहिली आहे, त्यांना यातली अडचण चटकन उमगेल. नुसता बांध घालून तिथे भात पिकत नाही. बांधात उघाडी ठेवावी लागते. ओहोटीला तिच्यातून शेतातले पाणी बाहेर जाते. भरतीला झडप मिटून खारे पाणी अडते. वारेतूनही प्राणवायू, अन्न आणि प्रतिपिंडे यांची ये-जा चालूच असते. तेव्हा राखण करायची ती भिंत घालून नव्हे, नेमक्या जागी नेमके नियंत्रण ठेवून.

या राखणदारांपैकी एकाचा शोध फार वळणावळणाने लागला. १९७६ साली सोव्हिएत संशोधक पेत्रुनिन आणि सहकाऱ्यांना वारेत एक प्रथिन आढळले. त्यांनी ते अल्फा-२ ग्लोब्युलिनांच्या गटात घातले. १९८० मध्ये अमेरिकेत एस. जी. जोशी आणि सहकाऱ्यांनी गर्भाशयाच्या अस्तरात प्रोजेस्टेरॉनसारख्या संप्रेरकांच्या प्रभावाखाली तयार होणाऱ्या प्रथिनाचे वर्णन केले. १९८२ मध्ये जर्मनीत हान्स बोन यांनी वारेतून प्रथिने वेगळी करताना एकाला चौदावा क्रमांक दिला : ‘प्लॅसेंटल प्रोटीन १४’. ही तिन्ही नावे एकाच प्रथिनाची होती, हे हळूहळू लक्षात आले.

त्यातले बोन यांचे नाव तर दिशाभूल करणारे ठरले. १९८६ मध्ये हेलसिंकीच्या संशोधकांनी दाखवले, की हे प्रथिन गर्भाशयाचे अस्तर बनवते. म्हणजे ते वारेचे नव्हे, आईचे. त्याची अमिनो आम्लांची साखळी उलगडली तेव्हा आणखी एक नाते कळले : गाईच्या दुधाच्या निवळीतील बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे त्याचे भावंड निघाले!

त्याचे काम काय, याचा धागा १९८७ मध्ये मिळाला. ब्रिटनमधील बोल्टन आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये हे प्रथिन प्रतिकारक्रियेला लगाम घालणारे असल्याचे मांडले. १९९९ मध्ये रॅखमिलेविट्झ आणि टिकोसिन्स्की यांच्या गटाने ते थेट टी-पेशींना रोखते असे दाखवले. टी-पेशी या प्रतिकारयंत्रणेच्या शिपाई. परकी खूण ओळखली, की त्या इंटरल्यूकिन-२ या निरोप्या प्रथिनाच्या जोरावर झपाट्याने संख्या वाढवतात.

दरम्यान १९९५ च्या सुमारास चौथे नाव रूढ झाले : ग्लायकोडेलिन. त्यातल्या ‘ग्लायको’चा अर्थ शर्करा. या प्रथिनावर शर्करांच्या शाखा असतात, आणि सारी गंमत त्यांतच आहे. गर्भाशयातले ग्लायकोडेलिन-ए आणि वीर्यातले ग्लायकोडेलिन-एस यांची प्रथिनसाखळी एकच. शर्करा मात्र वेगळ्या. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत डॉ. अंजली कारंडे यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवले, की टी-पेशींना आत्मनाशाकडे नेण्याची क्षमता ‘ए’मध्ये आहे, ‘एस’मध्ये नाही. फरक पडतो तो शर्कराशाखांवरील सायलिक आम्लामुळे. २०१२ मध्ये याच प्रयोगशाळेतून पुढचा दुवा मिळाला : हे प्रथिन इंटरल्यूकिन-२ च्या निरोपातच अडथळा आणते. निरोप न पोहोचल्याने टी-पेशींची वाढ थांबते.

अर्थात हे प्रयोग काचपात्रातल्या पेशींवरचे आहेत. उंदरांत हे प्रथिन आढळत नाही, त्यामुळे नेहमीची प्राणिप्रयोगांची वाट इथे बंद आहे. शिवाय राखणदार हा एकटाच नाही. नियामक टी-पेशीही गर्भ टिकवण्यास मदत करतात, हे २००४ मध्ये उंदरांत दिसले. याच पेशींवरील मूलभूत कामाला २०२५ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले. वारंवार गर्भपात होणाऱ्या काही स्त्रियांत ग्लायकोडेलिन कमी आढळल्याच्याही नोंदी आहेत. मात्र ते कारण की परिणाम, हे तेवढ्यावरून ठरत नाही.

तरीही या इतिहासातून वर्गात सांगण्याजोगी एक गोष्ट निघते. ‘गरोदरपणी प्रतिकारशक्ती झोपते’ हे सोपे वाक्य चुकीचे आहे, आणि ते मनात बसले की ‘आता लस कशाला, ती लागणार थोडीच’ असा समज मागोमाग येतो. आईची प्रतिकारशक्ती जागीच असते. लगाम घातला जातो तो गर्भाशयात, गर्भाच्या अवतीभवती. आणि तोही आईचेच शरीर घालते.